बैरूतच्या पॅलेस्टिनी छावणीत काम करताना: पाणी, वीज, छत, दवाखाना आणि कागद

परिचारिका, अभियंता, समाजकार्यकर्ता किंवा अभ्यासक म्हणून लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी छावणीत काही महिने काम करायला जाणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. इथं मुख्यतः बैरूतमधल्या शतीला आणि बुर्ज अल-बराजनेह या दोन छावण्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. देशात अशा १२ मान्यताप्राप्त छावण्या आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा थोडी वेगळी आहे.

'छावणी' म्हटलं की तंबू आठवतात, पण तंबू जाऊन कित्येक दशकं लोटली. आता आहेत सिमेंटच्या चार-पाच-सहा मजली इमारती आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागेल एवढ्या गल्ल्या. १९४८-४९ मध्ये निर्वासितांना मिळालेली जमीन जवळपास तेवढीच राहिली आणि कुटुंबं वाढत गेली, म्हणून छावणी उभी वाढली. पाया एका मजल्याचा आणि वर पाच मजले, ही इथल्या बहुतेक अडचणींची जननी आहे. पाणी वर चढवावं लागतं, वीज वरून लोंबकळत येते, ओल वरून खाली उतरते.

कोणतं काम कोणाचं

बिघाड शोधण्याआधी तो कोणाच्या हद्दीत येतो ते शोधायचं. तक्रार चुकीच्या दारात गेली की आठवडा फुकट जातो.

संयुक्त राष्ट्रांची उन्रवा ही पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संस्था ८ डिसेंबर १९४९ च्या ३०२ क्रमांकाच्या ठरावाने स्थापन झाली आणि १ मे १९५० पासून कामाला लागली. शाळा, प्राथमिक दवाखाने, गरीब कुटुंबांना मदत, आणि छावणीच्या आतली गटारं, कचरा व पाण्याची मूळ व्यवस्था ती बघते. लोक तिला 'अल-वकाला' म्हणतात, म्हणजे नुसतं 'संस्था'. पण उन्रवा छावणी चालवत नाही. तिचे पोलीस नाहीत आणि जमीनही तिची नाही. प्रत्येक छावणीत तिचा एक सेवा अधिकारी असतो. लोक त्याला 'मुदीर अल-मुखय्यम' म्हणजे छावणीचा व्यवस्थापक म्हणतात, त्यामुळे नवख्याला वाटतं की सगळं त्याच्याच हातात आहे. तसं नाही.

दुसरं दार 'लजना शाबिया'चं, म्हणजे लोकसमितीचं. १९६९ च्या कैरो करारानंतर छावण्यांचा कारभार पॅलेस्टिनी संघटनांकडे आला. लेबनॉनच्या संसदेने १९८७ मध्ये करार रद्द केला, समित्या मात्र राहिल्या. विजेच्या जोडण्या, विहिरींचे पंप, शेजाऱ्यांची भांडणं आणि घराच्या वापरहक्काची देवघेव हे सगळं त्यांच्याकडे जातं. काही छावण्यांत दोन समित्या असतात, एक पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या बाजूची आणि दुसरी विरोधी आघाडीची. अशा ठिकाणी 'समिती कोणती?' असं विचारू नये. 'या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरची किल्ली कोणाकडे असते?' असं विचारावं. उत्तर लगेच मिळतं आणि राजकारणात पाय अडकत नाही.

तिसरं दार लेबनॉन सरकारचं: ओळखपत्र, सरकारी वीज कंपनी, आणि दक्षिणेकडच्या छावण्यांच्या तोंडाशी असलेले सैन्याचे नाके. सैदा (सिडॉन) शहराजवळची ऐन अल-हिल्वे, सूर (टायर) शहराजवळची रशीदिया, तसंच उत्तरेकडची नहर अल-बारिद या ठिकाणी परदेशी माणसाला आधी सैन्याचा परवाना काढावा लागतो. बैरूतच्या दोन छावण्यांत असा परवाना लागत नाही, पण ओळखीच्या माणसाशिवाय जाऊ नये आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये.

चौथं दार खासगी: जनरेटरवाला, पाणीवाला, इमारतीचा मालक. रोजच्या जगण्यात सर्वांत जास्त पैसा इथेच जातो.

घरांना क्रमांक नसतात. पत्ता म्हणजे मूळ गावाचं नाव, ओळखीचं दुकान आणि घरातल्या थोरल्या मुलाचं नाव. बुर्ज अल-बराजनेहमध्ये तर्शीहा, कबरी, कुवैकात या गलील म्हणजे पॅलेस्टाइनच्या उत्तर भागातल्या गावांतून आलेली कुटुंबं वाड्यावाड्यांनी राहत आली आणि वाड्यांना गावांचीच नावं पडली. कामाच्या वहीत प्रत्येक इमारतीचं एक पान करा: मजले, कुटुंबं, पाणी कोणत्या वाहिनीतून, वीज कोणत्या खांबावरून, जनरेटर कोणाचा, आणि रुग्णवाहिका जिथवर येऊ शकते ती जागा किती पावलांवर. शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात. कडक स्ट्रेचर इथल्या जिन्यात वळत नाही. चार मुठींचं कापडी स्ट्रेचर किंवा जाड घोंगडं प्रत्येक जिन्याखाली असायला हवं.

पाणी

बैरूतच्या किनाऱ्यालगत भूजलाचा उपसा इतका झाला आहे की समुद्राचं पाणी आत शिरलं आहे. छावणीतल्या विहिरींचं पाणी म्हणूनच मचूळ येतं. लोक सरळ दोन नावं वापरतात: 'मय माल्हा' म्हणजे खारं आणि 'मय हिल्वे' म्हणजे गोडं. खारं नळाला येतं, धुण्याभांड्याला जातं. गोडं विकत घ्यावं लागतं, बहुधा वीस लिटरच्या बरणीतून. बरणीला इथं गॅलन म्हणतात, मात्र ती ब्रिटिश गॅलनही नव्हे आणि अमेरिकनही नव्हे.

पाणी तपासताना दोन मोजमापं वेगळी ठेवायची. क्षार हे एक, जंतू हे दुसरं. खिशातल्या क्षारमापकावर लिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला की चव न रुचण्याइतकी बिघडते. क्लोरीन टाकून क्षार जात नाहीत, आणि उकळून तर वाढतात, कारण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. बाळाचं वरचं दूध मचूळ पाण्यात कालवू नये. रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ कमी करायला सांगताना तो कोणतं पाणी पितो हेही विचारावं.

विकतचं गोडं पाणी उलट प्रकारे फसवतं. दुकानातल्या यंत्रात क्षारांबरोबर क्लोरीनही निघून जातं. पाणी यंत्रातून निर्मळ बाहेर पडतं, पण वाटेत हात किंवा मळकी बरणी लागली की त्यातले जंतू मारायला काहीच उरलेलं नसतं. म्हणून दुकान बदलण्याआधी बरणी बघा. आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर ती धुवायलाच हवी: बरणी काठोकाठ भरा, ५ टक्के क्लोरीनचं बिनवासाचं साधं ब्लीच २० मिलिलिटर टाका, अर्धा तास ठेवा, ओता आणि दोनदा खंगाळा. पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाण फारच कमी: २० लिटरला त्याच ब्लीचचे १६ थेंब, म्हणजे साधारण ०.८ मिलिलिटर. अर्ध्या तासाने क्लोरीन तपासायच्या पट्टीवर मोकळं क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम दिसलं पाहिजे. शून्य दिसलं तर पाणी गढूळ आहे किंवा ब्लीच मेलेलं आहे. उन्हात ठेवलेल्या बाटलीचा जोर काही महिन्यांत उतरतो, त्यामुळे झाकणावरची तारीख पाहूनच बाटली घ्यावी.

छतावरची टाकी बहुधा काळ्या प्लॅस्टिकची, १००० लिटरची असते. ती धुण्याची पद्धत अशी:

१. तळाची तोटी उघडून पाणी काढा. शेवटचे दहा-पंधरा लिटर ठेवा, त्यात तळाचा गाळ ब्रशने सोडवा आणि गाळासकट बाहेर काढा. तोटी तळापासून काही बोटं वर असते, म्हणून नुसतं 'टाकी रिकामी केली' म्हटल्याने गाळ निघत नाही.

२. टाकी पुन्हा भरा आणि ५ टक्क्यांचं ब्लीच १ लिटर टाका. हे लिटरमागे ५० मिलिग्रॅम झालं. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करा, म्हणजे नळ्याही धुतल्या जातात.

३. बारा तास, निदान रात्रभर ठेवा. हे पाणी कोणी पिऊ नये, म्हणून जिन्यात आणि प्रत्येक दारावर अरबीत चिठ्ठी लावा. खालच्या मजल्यावर वेगळं कुटुंब असतं आणि नळी एकच असते, हे विसरू नका.

४. सगळं सोडून द्या, एकदा साध्या पाण्याने भरून तेही सोडा. मग रोजच्या वापरासाठी १००० लिटरला ४० मिलिलिटर ब्लीच.

संडास धुण्याचं आम्ल आणि ब्लीच एकाच बादलीत कधीही घालू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरात तो थेट दवाखान्यात पोचवतो.

एवढं करून पाण्यातून दर महिन्याला जुलाब लागत असतील तर दोष टाकीत नाही, वाहिनीत आहे. अरुंद गल्लीत पाण्याची नळी आणि गटार जवळपास एकाच चरातून जातात. वाहिनीत दाब असतो तोवर गळती बाहेर होते. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो आणि त्याच भेगेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात कोणी पंप थेट वाहिनीला जोडला असेल तर तो पाण्याबरोबर शेजारचं गटारही ओढतो. उपाय साधा आहे, पण सगळ्या इमारतीने मिळून करायचा: तळमजल्यावर तरंगत्या गोळ्याच्या झडपेची एक साठवण टाकी, वाहिनीचं पाणी आपल्या दाबाने तिच्यात येईल, आणि पंप त्या टाकीतून ओढेल. पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं ते टाकीत न घेता वाहू द्यावं. पाण्याची इतकी टंचाई असताना हे सांगणं जिवावर येतं, पण ते पाणी बादलीत धरून संडासासाठी वापरता येतं.

पंप निवडताना उंची मोजा. पाच मजले म्हणजे साधारण १५ मीटर, वर नळीच्या घर्षणाचे तीन-चार मीटर. अर्ध्या अश्वशक्तीचा घरगुती पंप हे पाणी चढवतो, पण त्या उंचीवर मिनिटाला वीस लिटरच्या आसपासच देतो. हजार लिटरला पाऊण-एक तास. सरकारी वीज अर्धा तास आली तर टाकी भरत नाही, म्हणून तक्रार 'पाणी नाही' अशी येते आणि दुखणं विजेचं असतं. खाऱ्या पाण्यात बिडाचा पंखा फार लवकर गंजतो. पितळी पंख्याचा पंप महाग पडला तरी तोच घ्यावा.

आणीबाणीत माणशी दिवसाला १५ लिटर हा किमान मानला जातो. सहा जणांना ९० लिटर झाले. पण रोजचं आंघोळ-धुणं धरलं तर माणशी साठेक लिटर लागतातच, म्हणजे हजाराची टाकी तीन दिवसही पुरत नाही. म्हणून लोक टाक्या वाढवत जातात, आणि भरलेली प्रत्येक टाकी छतावर एक टन वजन टाकते. टाकी खांबाच्या किंवा तुळईच्या डोक्यावर ठेवायची, स्लॅबच्या मधोमध नाही.

वीज

छावणीत फिरताना वर पाहिलं तर आकाश नव्हे, तारांचं जाळं दिसतं, आणि त्या तारांना पाण्याच्या नळ्या चिकटलेल्या. जोडाला गुंडाळलेली पट्टी ऊन-पावसात सुटते, वरच्या नळीचं पाणी त्यावर ठिबकतं आणि ओल्या भिंतीत वीज उतरते. इथं विजेच्या धक्क्याने माणसं मरतात, विशेषतः हिवाळ्याच्या पावसात. लोंबकळणाऱ्या तारेला छत्रीची काडीही लागू देऊ नका आणि ओल्या भिंतीचा आधार घेऊ नका.

पुरवठा २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. २०२१ पासून देशभरच सरकारी वीज दिवसातून मोजके तास येते. उरलेला वेळ जनरेटरच्या वर्गणीवर, म्हणजे 'इश्तिराक'वर निघतो. वर्गणी युनिटांत नव्हे, अँपिअरमध्ये बोलली जाते: पाच अँपिअर, दहा अँपिअर. पाच अँपिअर म्हणजे २२० गुणिले ५, एकूण ११०० वॅट. याहून जास्त ओढलं की जनरेटरवाल्याच्या पेटीतला ब्रेकर पडतो, आणि तो उचलायला त्याच्या माणसाची वाट पाहावी लागते.

हिशेब घरातल्या बाईबरोबर बसून करा, कारण कोणतं यंत्र केव्हा लागतं हे तिला माहीत असतं. एलईडी दिवा ९ वॅट, पंखा ६०, दूरदर्शन संच १०० च्या आत, फ्रिज चालू असताना १०० ते १५०. हे सगळं मिळून पाच अँपिअरमध्ये आरामात बसतं. इस्त्री एकटीच १००० ते १२०० वॅट खाते. पाणी तापवणारं धुलाईयंत्र दोन हजारांच्या आसपास, त्यामुळे ते फक्त सरकारी विजेवर आणि थंड पाण्याच्या फेरीवर. पंपाची गंमत वेगळीच. अर्ध्या अश्वशक्तीला चालू असताना पाच-सहाशे वॅट लागतात, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चौपट-पाचपट ओढ असते. त्याच वेळी फ्रिजचा काँप्रेसर उठला की ब्रेकर कधी पडतो, कधी नाही, आणि दोष जनरेटरवाल्याच्या माथी मारला जातो. फ्रिजचं बटण बंद, पंप सुरू, मग फ्रिज: एवढ्या क्रमाने निम्मी भांडणं मिटतात.

सुरक्षेसाठी घराच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर बसवायचा. माणसाच्या अंगातून प्रवाह जाऊ लागला की तो क्षणार्धात तोडतो. त्याचं तपासणी बटण महिन्यातून एकदा वीज असताना दाबायचं. बसवल्याबरोबर तो वारंवार पडू लागला तर घरमालक म्हणतो, 'खराब आहे, काढा.' तो खराब नसतो. एक-एक सर्किट सोडवून पाहिलं की बहुधा न्हाणीघराचा हीटर किंवा शेजाऱ्याशी जोडलेली न्यूट्रल तार सापडते. सामायिक न्यूट्रल वेगळी केल्याशिवाय हा ब्रेकर टिकत नाही, आणि हे न सांगता तो बसवून निघून गेलं तर आठवड्यात तो काढलेला असतो.

अर्थिंगसाठी जमिनीत सळई ठोकायला गल्लीत जागा नसते, म्हणून लोक अर्थची तार पाण्याच्या लोखंडी नळीला बांधतात. ती पहिल्यांदा सोडवा. एका घरातला बिघाड त्यामुळे सहा घरांच्या नळांत उतरतो, आणि नळी मध्येच कुठे प्लॅस्टिकची केलेली असेल तर प्रवाह जमिनीत जातच नाही, नळावर थांबून राहतो. तळमजल्यावर फरशीचा एक चौकोन फोडून संपूर्ण इमारतीसाठी एकच सळई ठोकणं आणि तिथून हिरवी-पिवळी तार वर नेणं, हेच खरं काम.

जनरेटर आणि सरकारी वीज यांच्यामध्ये फेरबदलाचा स्विच दोन्ही तारा तोडणारा हवा आणि दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही जोडू न देणारा हवा. दोन साधे ब्रेकर शेजारी ठेवून 'आम्ही लक्ष ठेवतो' असं चालत नाही. उलटा प्रवाह गेला तर खांबावर चढलेला मुलगा मरतो.

अलीकडे छतांवर सौर पट्ट्या आल्या आहेत. २०० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी कागदावर २.४ युनिट देते, पण निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हाती १.२ युनिट. दीडशे वॅटच्या वापरावर, इन्व्हर्टरची खोट धरून, सात तास. ही बॅटरी झोपायच्या खोलीत पलंगाखाली ठेवू देऊ नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

छत आणि भिंती

स्लॅबचे पापुद्रे पडणं ही इथली नेहमीची तक्रार. वरून पाणी मुरतं, खारं पाणी आणि खारी हवा सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. नुसतं प्लास्टर मारलं तर पुढच्या पावसाळ्यात तेही डोक्यात पडतं.

लाकडी दांड्याने छत ठोकत जा. पोकळ आवाज येईल तेवढ्या भागाला खडूने रेघ मारा आणि त्याखालून पाळणा, पलंग हलवा. भेग सळईच्या रेषेत सरळ जात असेल तर गंज समजा. तुळईच्या टोकाशी तिरकी, पंचेचाळीस अंशांच्या आसपासची भेग दिसली तर हे गवंड्याचं काम नव्हे. त्या रात्री खोली रिकामी करून लोखंडी टेकू लावायचे, आणि टेकू एकाच मजल्यावर नव्हे तर खाली जमिनीपर्यंत एकाखाली एक. एका मजल्याचा टेकू फक्त भार खालच्या स्लॅबवर ढकलतो.

किरकोळ गंजासाठी सैल काँक्रीट पूर्ण काढा, सळईच्या मागेही, तारेच्या ब्रशने गंज घासा, सिमेंटचं पातळ पाणी लावा आणि ते ओलं असतानाच एकास तीनचा मसाला थरांत भरा. सळईची जाडी पाव भागाहून जास्त खाल्ली गेली असेल तर अभियंत्याला बोलवा. हे सगळं छताची गळती थांबवल्यानंतर. छताला शंभरात एक-दोन इतका उतार, त्यावर डांबरी थर, दोन पट्ट्यांचा जोड किमान १० सेंटिमीटर आणि कठड्यावर १५ सेंटिमीटर वर चढवलेला. टाक्या उचलून त्यांच्या खालीही थर द्यावा लागतो. गळती नेमकी तिथेच राहून जाते.

उन्रवाकडे पैसा असेल तर तिचा घरदुरुस्ती कार्यक्रम आहे. अभियंता पाहणी करतो आणि निवडलेल्या कुटुंबाला रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते, ते स्वतः काम करून घेतं. पहिल्या टप्प्याचं काम दाखवल्याशिवाय दुसरा हप्ता येत नाही, म्हणून गवंड्याला सगळी रक्कम आधी देऊ नये. दक्षिणेकडच्या छावण्यांत सिमेंट-लोखंड आत न्यायला सैन्याची परवानगी लागते. ती आधी, गवंडी नंतर. शिवाय २००१ च्या २९६ क्रमांकाच्या कायद्याने पॅलेस्टिनी माणसाला लेबनॉनमध्ये स्थावर मालमत्ता घेता येत नाही. छावणीत 'घर विकलं' म्हणजे वापराचा हक्क दिला, आणि त्याचा कागद लोकसमितीच्या शिक्क्याचा. भाडेकरूच्या घरात खर्च करण्याआधी तो कागद कोणाच्या नावाचा आहे ते पाहा.

गटार तुंबलं तर उन्रवाच्या सफाई विभागाला कळवायचं, चेंबरमध्ये स्वतः उतरायचं नाही. आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो. कचरा हातगाडीने छावणीच्या काठापर्यंत जातो. गाडी यायच्या वेळीच पिशवी बाहेर ठेवली नाही तर मांजरं आणि पाऊस मिळून ती गटारात पोचवतात.

दवाखाना

उन्रवाच्या दवाखान्यात तपासणी, लसीकरण, गरोदरपणाची देखभाल, मधुमेह-रक्तदाबाची औषधं मोफत मिळतात. २०११ पासून कुटुंब-पथकाची पद्धत आली. एका कुटुंबाला शक्यतो तेच डॉक्टर आणि परिचारिका. वेळ घेऊन जावं. जुनाट आजाराचा रुग्ण औषध संपल्यावर नव्हे, संपायच्या आठवडाभर आधी गेला पाहिजे, कारण एखादं औषध त्या दिवशी नसलं तर हाताशी वेळ राहतो.

दाखल व्हायची वेळ आली की गुंतागुंत सुरू होते. लेबनॉनच्या आरोग्य मंत्रालयाचं संरक्षण पॅलेस्टिनी निर्वासिताला नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर सामाजिक सुरक्षा निधीत कामगारासाठी पैसे भरले तरी त्याला फक्त नोकरी संपतानाचा लाभ मिळतो, आजारपणाचा आणि बाळंतपणाचा नाही. मग उरतात पॅलेस्टिनी रेड क्रेसेंटची रुग्णालयं (बुर्ज अल-बराजनेहमधलं हैफा त्यांपैकीच) आणि उन्रवाचा करार असलेली इतर रुग्णालयं. नियोजित शस्त्रक्रियेसाठी आधी छावणीच्या दवाखान्यातून संदर्भचिठ्ठी घ्यायची, मग रुग्णालय. उलट क्रमाने गेलं की बिल कुटुंबाच्या गळ्यात पडतं. तातडीच्या वेळी आधी दाखल करा, आणि त्याच दिवशी एका नातेवाइकाला उन्रवाचं कार्ड घेऊन छावणीच्या दवाखान्यात पाठवा. कोणत्या उपचाराला किती वाटा मिळेल हे निधीप्रमाणे बदलतं, म्हणून मागच्या वर्षीच्या अनुभवावर कोणाला आकडा सांगू नका. लेखी विचारा आणि उरलेली रक्कम कुठून येणार हे दाखल होण्याआधीच ठरवा. रुग्णालयं बहुधा अनामत डॉलरमध्ये मागतात.

कागद

दोन कार्डं वेगळी आहेत हे पक्कं डोक्यात ठेवा. एक उन्रवाचं कुटुंब-नोंदणीचं, दुसरं लेबनॉन सरकारचं निर्वासित ओळखपत्र, गृहमंत्रालयाच्या विभागातून मिळणारं. पहिल्यावर दवाखाना, शाळा, मदत. दुसऱ्यावर राहणं, प्रवास, नाक्यावरून जाणं. दोन्हीकडे अरबी नाव अक्षरशः सारखं असलं पाहिजे. 'हमज़ा' या एका छोट्या अरबी चिन्हाचा फरक असला तरी रोख मदतीच्या खिडकीवर पैसे अडतात.

उन्रवाची नोंदणी पुरुषाच्या बाजूने चालते. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात पॅलेस्टाइनमध्ये राहत असलेल्या आणि १९४८ च्या युद्धात घर व उपजीविका दोन्ही गमावलेल्या माणसांची आणि त्यांच्यातल्या पुरुषांच्या वंशजांची, मुलगे-मुली दोन्ही, नोंद होते. नोंदणीकृत बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिला आणि मुलांना सेवा मिळू शकते, त्यासाठी वेगळी नोंद करून घ्यावी लागते.

आकडेवारी काढताना नोंदणीवर भिस्त ठेवू नका. परदेशी गेलेल्यांची नावं वहीत तशीच राहतात. २०१७ च्या जनगणनेत लेबनॉनमधल्या छावण्या आणि वस्त्यांत १,७४,४२२ पॅलेस्टिनी मोजले गेले. उन्रवाच्या वहीतली संख्या त्याच्या दुपटीहूनही मोठी. शिवाय शतीलामध्ये सीरियन आणि गरीब लेबनीज कुटुंबंही मोठ्या संख्येने राहतात. पाण्याचा किंवा लसींचा हिशेब दारोदार मोजूनच करावा.

शाळेची गोष्ट थोडक्यात: उन्रवाच्या पाच कार्यक्षेत्रांपैकी फक्त लेबनॉनमध्ये ती माध्यमिक शाळाही चालवते. नववीनंतर 'ब्रेव्हे'ची सरकारी परीक्षा ठरलेली आहे, पण गेल्या काही वर्षांत ती अनेकदा रद्द झाली; घेतली जाते तेव्हा तिच्या अर्जाला ओळखपत्र लागतं. ज्याचा कागद अपुरा त्याचं काम सप्टेंबरात हाती घ्या, वसंत ऋतूत नव्हे.

सर्वांत जास्त घाई बाळाच्या नोंदणीची. प्रसूतीनंतर डॉक्टर किंवा सुईणीची जन्मसूचना घ्या, ती मुख्तारकडे, म्हणजे वस्तीच्या सरकारमान्य प्रमुखाकडे, नेऊन जन्मदाखला करा, तो पॅलेस्टिनी निर्वासितांच्या सरकारी विभागात नोंदवा, मग उन्रवाच्या कार्डावर नाव चढवा. रुग्णालयाचं बिल थकल्यामुळे जन्मसूचना अडकून पडली असेल तर पहिल्याच आठवड्यात समाजकार्यकर्त्याला सांगा. एक वर्षाच्या आत हे सगळं कचेरीत होतं. वर्ष उलटलं की न्यायालयात जावं लागतं, वकील आणि कधी रक्तचाचणीही लागते. आईवडिलांचं लग्नच नोंदलेलं नसेल तर आधी ते. सीरियातून आलेल्या कुटुंबात बापाचा राहण्याचा परवाना संपलेला असतो, म्हणून तो कचेरीत जायला घाबरतो. अशा वेळी त्याला एकट्याला पाठवू नका, कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेच्या माणसाबरोबर पाठवा. काही हजार माणसं अशी आहेत की जी १९६७ नंतर किंवा १९७० च्या सुमारास जॉर्डनमधून आली आणि ज्यांच्याकडे ना उन्रवाचं कार्ड ना सरकारी ओळखपत्र. त्यांच्या घरात बाळ येणार असेल तर कायदेशीर मदतीची गाठ प्रसूतीच्या आधीच घालून द्या आणि जन्मसूचनेच्या तीन प्रती काढून ठेवा.